मोठ्या कंपनीची इंटर्नशिप मिळाली नाही तेव्हा

मार्च महिन्यात इचलकरंजीचा एक विद्यार्थी आईला घेऊन माझ्याकडे आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या या मुलाने नावाजलेल्या १४ कंपन्यांकडे उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्ज केले होते, तीन ठिकाणी तो ऑनलाइन परीक्षेतच बाद झाला आणि उरलेल्यांकडून उत्तरच आले नव्हते. "सर, प्लेसमेंटच्या वेळी दाखवायला माझ्याकडे काहीच नाही," असे तो खाली मान घालून म्हणाला.

ही काळजी माझ्याकडे दरवर्षी येते. तू लिहिलेला प्रोग्रॅम आजवर कोणी वापरला आहे का, असे मी त्याला विचारले. बऱ्याच वेळाने त्याने संकोचत सांगितले की वडिलांच्या यंत्रमागांच्या मजुरीचा हिशेब तो एका शीटमध्ये मांडतो. पिकांच्या, म्हणजे कापडाच्या एका इंचातील आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मीटरवर ठरणारी मजुरी दर आठवड्याला वहीत मांडताना दिवाणजींची दमछाक होत असे.

"घरचं काम ते. त्याला इंटर्नशिप कोण म्हणणार?" आईची शंका रास्त होती, कारण तिथे त्याचा कोड तपासणारे, चूक दाखवणारे कोणीच नव्हते. म्हणून मी दुसरी वाट जोडून दिली. शिक्षणात मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाच्या फेलोशिपसाठी आधी ठरावीक काम करून दाखवावे लागते. तिथे निवड झाली नाही, तरी मुक्त स्रोत प्रकल्पांत कोणालाही दुरुस्ती सुचवता येते आणि अनुभवी माणसे ती तपासून परत पाठवतात. मुक्त स्रोत प्रकल्पांत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करायला देणारा 'गुगल समर ऑफ कोड' हा कार्यक्रम २००५पासून चालू असला, तरी तिथेही चुरस मोठी असते आणि प्रकल्पाशी आधीची ओळख नसलेल्याचा प्रस्ताव सहसा मागे पडतो, हेही मी लपवले नाही. देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपची मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीस मागवले जातात, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आजच टिपून ठेवावे. प्रमाणपत्रासाठी पैसे मागणाऱ्या 'इंटर्नशिप'ला मात्र मी स्पष्ट नकार द्यायला सांगितले. विकत घेतलेला तो कागद मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नापर्यंतही टिकत नाही.

फॉसीत त्याची निवड झाली नाही. एका मुक्त स्रोत प्रकल्पात मात्र त्याची छोटीशी दुरुस्ती तीनदा परत येऊन चौथ्यांदा स्वीकारली गेली. घरच्या त्या शीटवरून केलेल्या प्रोग्रॅमने पहिल्याच आठवड्यात एका कामगाराची मजुरी कमी दाखवली, कारण कापडाची क्वालिटी बदलली की पीकही बदलते, हे त्याने धरलेच नव्हते. ती चूक त्या कामगारानेच पगाराच्या दिवशी दाखवून दिली. सप्टेंबरमध्ये सराव मुलाखत घेताना मी त्याला नेमके त्याच चुकीबद्दल विचारले, तेव्हा तो दहा मिनिटे न अडखळता बोलला.

मोठ्या कंपन्यांचे अर्ज त्याने यंदाही भरले आहेत.