मे महिन्यातली परसबाग : वाचकांचे प्रश्न

वांगी आणि जास्वंद दुपारी माना टाकतात. सकाळ-संध्याकाळ पाणी देतो, तरी खालची पानं पिवळी पडत आहेत. (ब्रह्मपुरी)

दुपारची मान बघून पाणी देऊ नका, सकाळी सहाची बघा. 45 अंशांत कोरडा वारा पानांतून जेवढं पाणी ओढतो, तेवढं मुळांना ओल असूनही पुरवता येत नाही. म्हणून पान लवतं आणि अंगावर ऊन कमी घेतं. सकाळी झाड ताठ असेल तर पाण्याची कमी नाही. सकाळीही मान खाली असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच तहान. ओल लागली, तर मुळं गुदमरली आहेत. तुमची पिवळी पानं बहुधा हेच सांगताहेत. आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजू लागतात. मग झाड ओलीतच सुकतं, आणि आपण आणखी एक बादली ओततो!

काही दिवस पाणी थांबवा. वरची दोन इंच माती सुकली की पहाटे एकदाच भरपूर द्या. जमिनीला भेगा असतील तर आधी खुरप्यानं वरची माती हलवून त्या बुजवा, नाहीतर पाणी भेगेतून थेट खाली जातं. मग सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) तीन इंच पसरा, पण खोडापासून चार बोटं दूर. खोडाला टेकलं तर उधळी (वाळवी) लागते. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चटका देण्याइतकं तापलेलं असतं, ते बादलीत काढून घ्या.

टमाटरला फुलं येतात आणि गळतात. कोणतं टॉनिक मारू? (अकोट)

कोणतंच नाही. दिवसा पारा 35 च्या वर आणि रात्रही गरम, की परागकण निकामी होतात. फळ धरत नाही, फूल गळतं. मिरचीचंही तेच. 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी झाडाच्या दोन-तीन फूट वर बांधा, पश्चिमेची बाजू खालपर्यंत झाका, पूर्व मोकळी ठेवा. जाळी पानांना टेकली तर तिथेच करपतात. युरिया आता नको. झाड जगवा, गारवा आला की फळ धरेल. तोवर भाजीला गवार आणि भेंडी आहेच.

वांग्याच्या पानाखाली बारीक जाळी, वर पांढुरके ठिपके. गंधक चालेल? (पुसद)

ही लाल कोळी नावाची बारीक कीड. एरवी गंधक चाललं असतं, पण या उन्हात त्यानं पानंच भाजतील. तीन-चार दिवस रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. फार माखलेली पानं तोडून जाळा.

संत्र्याच्या दोन वर्षांच्या कलमांची पश्चिमेकडची साल तडकली. (वरूड)

दुपारच्या उन्हानं साल भाजली आहे. धोका पुढे पावसात आहे : त्या फटीतून डिंक्याची (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाची) बुरशी शिरते. मेलेली साल धारदार चाकूनं जिवंत भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा; एकूण पाणी 10 लिटर. लोखंडी भांडं नको. त्याच दिवशी संपवा. बाकी खोडालाही जमिनीपासून दोन-अडीच फूट लेप द्या. पाणी दुहेरी आळ्यानं द्या, म्हणजे खोडाजवळचं आतलं आळं कोरडं ठेवून बाहेरच्या आळ्यात; खोडाला लागू देऊ नका.

नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) करपलेली पानं छाटून टाकू का? (देवळी)

पाऊस लागेपर्यंत राहू द्या. करपलेलं पानही खालच्या डोळ्यांवर (जिथून पालवी फुटते) सावली धरतं. आता छाटलं तर फुटणारी कोवळी पालवी दोन दिवसांत जळेल.