‘कुठला जीपीयू घेऊ?’ असं विचारणारीला

तुझी मेल वाचली. पाच क्लाउड सेवांच्या दरांचा तक्ता, तोही रंगीत, आणि खाली प्रश्न: सर, यातला कुठला जीपीयू घेऊ? तक्ता मेहनतीने केला आहेस, पण त्यात तुझं काम कुठे आहे? किती रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे), किती मेमरी, किती तास, एकही आकडा नाही. पाहुणे किती हे न विचारता मंगल कार्यालयांचे भाव काढत बसलीस.

आधी मोज.

तुझं काम मला कळलं आहे ते असं. जांभळ्या करप्याला दाद न देणाऱ्या कांद्यात कुठले जीन जागे होतात ते बघायचं. कांद्याचा जीनोम माणसाच्या सुमारे पाचपट, पुनरावृत्तीने भरलेला. म्हणून त्यावर न विसंबता ट्रिनिटी या प्रोग्रामने ट्रान्सक्रिप्टोम, म्हणजे जाग्या जीनच्या आरएनए प्रतींचा संच, रीड्समधून मुळापासून जुळवायचा. ठीक. पण त्या जुळणीला जीपीयू, ती समांतर गणिताची चिप, लागतच नाही! तिला रॅम, म्हणजे मेमरी, लागते. ट्रिनिटी लिहिणाऱ्यांनीच दिलेला ढोबळ हिशेब आहे: दर 10 लाख रीड-जोड्यांना साधारण 1 जीबी. तुझे 18 नमुने, प्रत्येकी 2 कोटींच्या आसपास जोड्या, म्हणजे 36 कोटी जोड्या आणि 360 जीबी. नॉर्मलायझेशनने, म्हणजे जास्तीचे सारखे रीड्स गाळल्याने, हा आकडा बराच उतरेल. किती उतरेल ते मला विचारू नकोस, मोज. गूगल कोलॅबच्या फुकट खात्यात 12 जीबीच्या आसपास रॅम मिळते. तुझं काम तिथे दर वेळी मरत होतं ते म्हणून. आणि तू समजलीस की जीपीयू कमी पडला.

मोजायचं कसं, हेही कुणी शिकवत नाही, त्यात तुझा दोष नाही. 10 लाख जोड्या काढ, तुमच्या लॅबच्या डेस्कटॉपवर चालव. मग 20 लाख, मग 50 लाख. कमाल मेमरी किती गेली हे लिनक्सची टाइम कमांड (/usr/bin/time -v) सांगते. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांवर, कामांची रांग लावणाऱ्या स्लर्मला विचारलं की तोही सांगतो. तीन ठिपके कागदावर मांड. एका ठिपक्यावर हिशेब करू नकोस, कारण वेळ आणि मेमरी सरळ रेषेत वाढतीलच असं नाही. शिवाय फाइली मोज. ट्रिनिटी मधल्या टप्प्यात लाखांनी बारक्या फाइली पाडते, आणि क्लस्टरवर जागेइतकाच फाइलींच्या संख्येलाही कोटा असतो. डिस्क अर्धी रिकामी आणि काम बंद, असं झालं की भले भले चक्रावतात.

हे आकडे हातात आले की निवड फारशी उरत नाही. फ्रायबर्गहून चालणारा, ब्राउझरमधून वापरायचा युरोपीय गॅलक्सी सर्व्हर फुकट आहे, ट्रिनिटी तिथे आहे; जागेचा कोटा बघून घे. पुण्यात सी-डॅकची ‘ब्राफ’ ही सोय जीवशास्त्राच्या कामांसाठीच आहे. विद्यापीठाच्या क्लस्टरवर मोठ्या मेमरीचा नोड (एक मशीन) असेल तर सोन्याहून पिवळं. तिथेही मोजलेलं कामाला येतं: 40 तासांच्या कामाला भीतीपोटी आठ दिवस मागितलेस, तर स्लर्म तुला रांगेत मागेच ठेवणार. छोटी, नेमकी मागणी मधल्या फटीत बसते. आणि स्क्रॅचवरच्या, म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या, जुन्या फाइली आपोआप उडवतात का, हे पहिल्याच दिवशी विचार.

क्लाउड, म्हणजे भाड्याचं मशीन, सगळ्यात शेवटी. मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं, डेटा बाहेर काढायचे पैसे वेगळे. स्वस्त ‘स्पॉट’ मशीन मध्येच काढून घेतात. ॲमेझॉन तर दोन मिनिटं आधी सूचना देतं, बस. बिल स्वतःच्या कार्डवर, आणि मग ते कुठल्या हेडखाली टाकायचं यावरून लेखा विभागाशी पत्रव्यवहार. मार्चअखेर वापर प्रमाणपत्र भरताना तुझे गाइड तुलाच हाक मारतील.

मी क्लस्टर सांभाळत होतो तेव्हा चाचणीचे आकडे आणल्याशिवाय खातं उघडून देत नसे. लोक मला आडमुठा म्हणत. तक्रारीही गेल्या वर. पण त्या काळात आमची रांग हलती होती, हे तक्रार करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. पुढे एका विभागाने 31 मार्चच्या आत पैसे संपवायचे म्हणून जीपीयूचं भारी मशीन घेतलं. काय चालवणार, कुणी विचारलं नाही. मी विचारलं, तर पुढच्या बैठकीचं बोलावणंच आलं नाही. ते मशीन बहुतेक वेळ रिकामं घरघरत असे, एसीचं बिल मात्र पूर्ण. मशीनचं सोड. त्या विभागातली दोन पोरं जुळणीसाठी रॅम मागत होती, ती शेवटी विषय बदलून गेली. ते मला अजून लागतं. म्हणून तुझ्या तक्त्यावर एवढा चिडलो, थोडं समजून घे.

बरं. तुझ्या मेलमधली एक गोष्ट मला फार आवडली: जुळणी एकदाच करायची आहे, हे तू स्वतः लिहिलं आहेस. पुढची साल्मन या प्रोग्रामची मोजणी (कुठला जीन किती जागा) साध्या डेस्कटॉपवर निघते. म्हणजे मोठं मशीन तुला थोडेच दिवस हवं. मग विकत घेण्याची भाषा कशाला? गाइड म्हणत असतील ‘ग्रँट आहे तर घेऊन टाकू’, तर त्यांच्यापुढे तीन ठिपक्यांचा कागद ठेव. न ऐकल्यास मला फोन लाव, मी बोलतो. आमची जुनी भांडणं आहेत, आणखी एक चालेल.

दर नको पाठवूस आता. 10, 20 आणि 50 लाखांचे आकडे पाठव: कमाल मेमरी, लागलेले तास, मधल्या फाइलींची संख्या. नॉर्मलायझेशनसह आणि त्याशिवाय, दोन्ही. ‘ब्राफ’चा अर्ज त्यावरून आपण एका संध्याकाळी बसून लिहू.