मॅक्रमे विणायचं, बांधायचं की गाठवायचं?

एका ताईंनी विचारलंय : "घरच्या घरी मॅक्रमे शिकायला घेतलंय. आईला फोनवर सांगताना अडले. मॅक्रमे 'विणतेय' म्हणू की 'बांधतेय'? याला मराठी शब्द आहे का? आणि या गाठींना आपल्याकडे नावं असतीलच ना?"

मॅक्रमे म्हणजे दोऱ्यांना हातानं गाठी मारत वस्तू तयार करण्याची कला. आधी क्रियापद. माझं उत्तर आहे 'गाठवणे'. मंगळसूत्राची पोत तुटली की ती पटवेकऱ्याकडे 'गाठवायला' देतात. तो दोऱ्यात मणी ओवतो आणि गाठी मारून ते जागच्या जागी पक्के बसवतो. हातात दोरा, त्यावर गाठ, आणि गाठीतूनच तयार होणारी वस्तू, हे सगळं या एका क्रियापदात आहे. ते नव्यानं घडवायला नको, फक्त सराफबाजारातून घरात आणायला हवं.

'विणणे' चूक म्हणणार नाही. कोळ्याच्या जाळ्यात गाठीच गाठी असतात, तरी आपण जाळं विणतो असंच म्हणतो. पण मॅक्रमेला माग नाही, सुई नाही, टाके नाहीत. आणि या कलेचा उगम पाहिला तर ती विणकाम संपतं तिथेच सुरू होते. मागावरून कापड उतरलं की टोकाला उभे धागे मोकळे राहतात. आपण त्यांना दशा म्हणतो. त्या तशाच सोडल्या तर कापड उसवतं, म्हणून त्या गाठवायच्या. अरब विणकरांनी या गाठवण्यातच नक्षी आणली. शब्दही त्याच वाटेनं आला असं मानतात : अरबी 'मिक्रमा', तुर्की 'मक्रमा' म्हणजे टॉवेल किंवा रुमाल, आणि तिथून इटालियन आणि फ्रेंच. इटलीतल्या जेनोवाजवळच्या क्यावरी गावचे गाठवलेल्या झालरीचे टॉवेल प्रसिद्ध आहेत. घरातल्या घोंगडीचं टोक हातात घेऊन बघा, तिथेही दशांना गाठी दिसतील.

एवढ्या भाषा फिरून आलेलं नाम आपणही ठेवून घ्यावं, असं मला वाटतं. माझ्या आईच्या पिढीत नायलॉनच्या दोऱ्याच्या पर्सा आणि झोपाळे व्हायचे, तेव्हा सगळ्या 'मॅक्रम' म्हणायच्या. तेही चालेल. 'ग्रंथिकला' मात्र नको. 'गाठ' हा 'ग्रंथि'चाच घरी रुळलेला अवतार आहे. तो असताना मागे कशाला जायचं?

आता गाठी. आपल्याकडे दोन नावं पक्की आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. सुरगाठ एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ सुटत नाही, उकलावी लागते. मॅक्रमेत सगळ्यात जास्त लागणारा 'स्क्वेअर नॉट' ही आपली निरगाठच आहे, फक्त मधल्या दोऱ्यांभोवती घातलेली. दोन दोऱ्या दुमडून काठीवर फास टाकला की चार पदर लोंबतात. मधले दोन स्थिर. डावीकडचा मधल्या दोघांवरून नेऊन उजवीकडच्याच्या खालून काढा. उजवीकडचा मधल्यांच्या मागून नेऊन डावीकडे झालेल्या फटीतून वर घ्या, ओढा. ही अर्धी गाठ. आता हेच उजवीकडून केलं की निरगाठ पुरी. दर वेळी डावीकडूनच सुरू करत राहिलात तर पट्टी सपाट न राहता आपोआप गोल फिरत जाते. शिकताना ही हमखास होणारी चूक, पण मुद्दाम केली तर सुंदर नक्षी. मी तिला 'पिळाची पट्टी' म्हणते.

आडव्या धरलेल्या दोरीवर प्रत्येक पदराचे दोन-दोन वेढे आवळत गेलं की उंचवट्याची रेघ उठते. ती 'वेढ्याची गाठ'. लांब पदर गुंततात, म्हणून त्यांची गुंडाळी करून सुरगाठीनं बांधून ठेवा. लागेल तसं सोडायचं.

दुकानात दोरी मागतानाही मराठी उपयोगी पडते. 'थ्री प्लाय' म्हणजे तिपेडी किंवा तिपदरी. 'सिंगल स्ट्रँड' एकाच पिळाची असते. तिचा पीळ सहज उकलतो आणि कंगव्यानं विंचरली की मऊ झालर होते. सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर जाडीची सुती दोरी घ्या. नायलॉनच्या गाठी नवख्या हातात सरकतात. काम करणारा पदर तयार वस्तूच्या चार-पाच पट लांब हवा. दोरी दुमडून अडकवणार असाल तर त्याच्याही दुप्पट कापा. मधले पदर एवढे लागत नाहीत. पहिल्या वेळी माझी दोरी वीतभर आधीच संपली होती आणि सगळं उकलावं लागलं.

राहिलं 'प्लांट हँगर', म्हणजे कुंडी टांगायची दोऱ्यांची जाळी. माझ्या आजोळी स्वयंपाकघरात आढ्याला काथ्याचं शिंकं टांगलेलं असायचं. चार दोर वर एकत्र बांधलेले, खाली जाळी, त्यात दह्याचं मडकं. मांजराचा हात पोचायचा नाही. हवा चहूकडून लागायची. मडक्याच्या जागी मनीप्लँटची कुंडी ठेवली की हँगर तयार. संस्कृत 'शिक्य'पासून आलेला हा शब्द 'शिंक्याचं तुटलं अन् बोक्याचं साधलं' एवढ्यापुरता उरू नये, असं मनापासून वाटतं.

तेव्हा ताई, आईनं पुन्हा फोनवर "काय चाललंय?" विचारलं तर सांगा, "कुंडीला शिंकं गाठवतेय." त्यांना लगेच कळेल, आणि बहुतेक दोन गाठी त्याच तुम्हाला शिकवतील.