स्नोमोबाईलचा पट्टा: १५४ इंची की १६५?

दादरच्या उकाड्यात बसून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियासाठी स्नोमोबाईल (बर्फावरची गाडी) निवडतोयस, तर नुसते सीसी मोजू नकोस. भुसभुशीत बर्फात गाडी तरंगते ती खाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या लांबीच्या जोरावर. १६५ इंची पट्टा कमी रुततो, उभा चढ चढतो; १५४ इंची झाडांच्या दाटीत पटकन वळतो. तुझं वजन बेताचं, हात शिकाऊ. १५४ घे. पट्ट्यावरचे दाते मात्र अडीच ते तीन इंची हवेतच. उंचीच्या दर हजार फुटांना इंजिनाची साधारण ३ टक्के ताकद घटते, म्हणून ६०० पेक्षा ८५० सीसी बरं. इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या टर्बोचा हट्ट सध्या नको (दुकानदार गळ्यात मारेलच!). ब्रँड कुठला, पोलारिस की स्की-डू? जवळपास सर्व्हिस कोणाची, ते बघ. आणि हिमस्खलनासाठी बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं यांचे पैसे आधी बाजूला काढ.