व्हर्जिनियातील शेतात सापडलेली शिशाची जुनी गोळी कशी ओळखावी?

आपण लिहिता की फ्रेडरिक्सबर्गजवळच्या एका खाजगी शेतात, मालकाच्या परवानगीने मेटल डिटेक्टर फिरवताना, तीन खाचांची आणि बुडाशी पोकळ अशी पांढुरकी गोळी आपल्याला सापडली. वर्णनावरून ती अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) मिनिए गोळी असावी. मीही याच भागात राहतो आणि हा छंद जोपासतो.

ही गोळी ठासणीच्या रायफलीची. नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने ती गजाने सहज आत जाई आणि बार उडताच वायूच्या दाबाने तिचे पोकळ बूड फाकून नळीतील आट्यांना (आतल्या पिळदार खोबणींना) घट्ट बसे. खाचांमध्ये चरबी व मेण भरलेले असे. स्प्रिंगफील्ड रायफलीची नळी ०.५८ इंचाची, म्हणून तिच्या न झाडलेल्या गोळीचा व्यास सुमारे १४.६ मिलिमीटर आणि वजन ३२ ग्रॅमच्या आसपास भरते. बाजू गुळगुळीत असतील तर इंग्लंडहून आलेल्या एन्फील्डचा विचार करावा. (आपल्याकडे १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती याच रायफलीची.) बूड भरीव असेल, तर ती बहुधा शार्प्ससारख्या घोडदळी कार्बाइनची, म्हणजे आखूड रायफलीची. साधी वाटोळी गोळी मात्र फसवी असते, कारण जुन्या मस्केटीच्या (आटे नसलेल्या बंदुकीच्या) गोळीप्रमाणेच तोफगोळ्यात भरलेल्या शिशाच्या गोळ्याही वाटोळ्याच असत.

गोळीवरून सैनिक कोणत्या बाजूचा हे ठरवण्याची घाई करू नये. एन्फील्ड दोन्ही सैन्यांनी विकत घेतल्या होत्या आणि दक्षिणेकडच्यांनी उत्तरेच्या सैन्याच्या स्प्रिंगफील्डही पुष्कळ हस्तगत केल्या होत्या.

भिंगाखाली टोक पाहावे. तेथे मधोमध स्क्रूने पाडल्यासारखे भोक असेल, तर ती गोळी नळीत अडकल्याने किंवा बंदूक रिकामी करण्यासाठी ओढून काढलेली आहे. बाजूंवर आट्यांचे उभे ठसे असतील तर ती झाडलेली. ठसे नसतील आणि आकार शाबूत असेल तर बहुधा हातातून पडलेली. दातांच्या खुणा असलेली गोळी ‘शस्त्रक्रियेच्या वेळी जखमी सैनिकाने चावलेली’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते, पण त्या काळी क्लोरोफॉर्म आणि ईथर सर्रास वापरात होते, आणि असल्या बहुतेक गोळ्या डुकरांनी चघळलेल्या असतात.

पांढरा थर घासू नये. तो शिशावर वर्षानुवर्षे चढलेला क्षार असून विषारी आहे. गोळी हाताळल्यावर हात धुवावेत. सापडलेली जागा व खोली त्याच दिवशी नकाशावर नोंदवावी. शेताला लागून राष्ट्रीय उद्यानाची हद्द असेल तर तेथे डिटेक्टर नेणेही गुन्हा ठरतो, हे ध्यानात असू द्यावे.

व्हर्नियरने व्यास आणि लांबी मोजून, बुडाचा जवळून घेतलेला फोटो जोडलात, तर प्रकार अधिक नेमका सांगता येईल.