सुशेगाद म्हणजे आळस नव्हे!

फोंड्याच्या एका वाचकाने विचारले आहे: कोंकणी 'सुशेगाद'ला मराठीत काय म्हणावे, 'आळशी' की 'निवांत'?

'आळशी' अजिबात नको. तोंडावर टोपी ओढून आडवा पडलेला गोंयकार टी-शर्टवर छापला आणि खाली 'सुशेगाद' लिहिले, म्हणून अर्थ बदलत नाही. उजाडायच्या आत दारात पों पों करणारा पोदेरही, म्हणजे पाववालाही, सुशेगाद असू शकतो.

मूळ पोर्तुगीज 'सोसेगादो', म्हणजे शांत, स्थिरावलेला. 'सु-शय-गत' अशी संस्कृत फोड करणारे मला दर चवथीला भेटतात. त्यांनी धीर धरावा, संस्कृत येणारच आहे, पण मागच्या दाराने. सोसेगादोच्या मुळाशी लॅटिन 'सेदेरे', म्हणजे बसणे. आणि सेदेरेचा सख्खा भाऊ आपला 'सद्' धातू. सदन, परिषद, उपनिषद त्याचेच. आणि प्रसन्नसुद्धा!

इथे पंडित हरकत घेतात: धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, सद् म्हणजे 'विशरण (नाश पावणे), गती, अवसादन', त्यात बसणे कुठे? शंकराचार्यांनी तर त्यावरूनच उपनिषद म्हणजे अविद्येचा नाश करणारी विद्या, असा अर्थ लावला. लावू देत. 'निषीदति' म्हणजे 'बसतो' हे कोणी नाकारील का? आणि अवसादन तरी काय, खाली बसणेच की!

गढूळ पाणी ढवळायचे थांबले की गाळ तळाला बसतो, वरचे नितळ होते. संस्कृतात ते पाणी 'प्रसन्न'. मेघदूतात कालिदासाला गंभीरा नदीचे पाणी प्रसन्न मनासारखे दिसते ते उगाच नव्हे. काव्यातला प्रसादगुणही हाच, अर्थाचा तळ दिसणे. पाणी असे निवळावे म्हणून आमची आजी घागरीला आतून निवळीची बी घासायची, आणि मग घागरीला कोणी हात लावायचा नाही असा दंडक असे.

परवा मंगेशीला तळीच्या पायरीवर भटजींची वाट बघत बसले होते. मोबाइलची बॅटरी संपलेली, करण्यासारखे काही नाही. वारा पडला आणि काठावरचे माड पाण्यात उलटे उभे राहिले, झावळीची पातीन् पाती मोजावी इतके स्पष्ट. तीस वर्षे त्या देवळात जाते आहे, दर वेळी घाईत. हे कधी पाहिलेच नव्हते. भटजींनी दोनदा हाक मारली म्हणे.

हां, प्रतिशब्द राहिलाच. 'निवांत' चालेल. माझे मत 'प्रसन्न'ला, कोशकार काहीही म्हणोत.