वाचक विचारतात : हलणारे ब्लॉक, गंजणारे बाक

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत फुटपाथला पेव्हर ब्लॉक बसवलेत. पावसात पाय पडला की ब्लॉक हलतो आणि खालचं गढूळ पाणी अंगावर उडतं. काही दुकानांपुढे शेवाळ धरतं, माणसं घसरतात. सगळं उखडून काँक्रीट करा, अशी मागणी आता होतेय. आम्ही नेमकं काय मागावं? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : काँक्रीट मागू नका, तेच ब्लॉक काढून पुन्हा नीट बसवून मागा. नळाच्या लाइनसाठी उखडला तरी परत बसवता येतो, हा तर ब्लॉकचा मुख्य फायदा. दोष बहुतेक वेळा ब्लॉकमध्ये नसतो, त्याच्या बुडाशी असतो. हलणाऱ्या जागचे चार-पाच ब्लॉक उचलायला लावा. खाली नुसती तांबडी माती किंवा चिखल झालेली क्रशरची डस्ट (खडी फोडताना पडणारा चुरा) दिसली, तर निदान झालं. डस्टमधली पूड पाणी धरून ठेवते. वजन पडलं की तिचा रबडा सांध्यातून वर येतो आणि ब्लॉकखाली तेवढी पोकळी राहते. दर सरीला ती वाढत जाते.

पुन्हा बसवताना माती आधी दाबून घ्यावी लागते. तिच्यावर खडीचा थर, दाबून साधारण १५० मिमी. इथे जांभ्याचा मुरूम स्वस्त पडतो म्हणून खडीऐवजी तोच टाकतात आणि पाणी मुरलं की तो मऊ पडतो. खडीवर धुतलेली जाड वाळू किंवा धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू), ३० ते ४० मिमी, त्याहून जास्त नाही. कामाची चोरी नेमकी इथे होते. खालचे खाचखळगे खडीने भरायचे सोडून वाळूने भरले, की एखाद्या जागी वाळूचा थर १०० मिमी होतो आणि पुढे तिथेच खळगा पडतो. किनाऱ्यावरची वाळू तर नकोच. तिच्यातल्या क्षारांनी ब्लॉकवर पांढरे डाग येतात, आणि ती उचलायला कायद्याने बंदी आहे.

ब्लॉकमधला सांधा २ ते ४ मिमी हवा. त्यात बारीक, कोरडी वाळू झाडून घालायची, प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरून ब्लॉक दाबणारं यंत्र) फिरवायचा, पुन्हा वाळू घालायची. ओली वाळू सांध्यात उतरत नाही, म्हणून मे महिन्यात वळवाच्या सरींमध्ये उरकलेलं काम टिकत नाही. ते एप्रिलअखेर संपायला हवं. कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब (काठाचा दगड) हवा, नाहीतर ओळी बाजूला सरकतात. गटाराकडे उतार मीटरला २० मिमी ठेवा. गटाराचा काठ ब्लॉकपेक्षा बोटभर जरी वर राहिला, तरी उतार असून पाणी अडतं. हे दोरी आणि लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून तुम्हालाही तपासता येईल.

माणसांपुरत्या फुटपाथला ६० मिमी जाडीचा ब्लॉक पुरतो. टेम्पो चढत असेल तिथे ८० मिमीचा घ्या, किंवा टेम्पो चढूच नये असे खांब रोवा. नवे ब्लॉक आणावे लागले, तर आयएस १५६५८ या मानकाप्रमाणे चाचणीचा अहवाल मागा. पाणी शोषण सरासरी ६ टक्क्यांच्या आत हवं. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक अंगणाला शोभतात, भर बाजारात पावसाळ्यात ते पाय मोडायची सोय करतात. मशीनवर दाबलेला खरबरीत ब्लॉकच घ्यावा.

शेवाळ ब्लीचिंग पावडर आणि ताठ ब्रशने निघतं, पण दुकानाच्या पत्र्याची पागोळी त्याच जागी पडत राहिली तर ते पुन्हा धरणारच. पत्र्याला पन्हळ लावून पाणी पाइपने थेट गटारात सोडा. पन्हळीचा खर्च फुटपाथच्या मानाने किरकोळ आहे, तरी ती कोणाच्याच अंदाजपत्रकात नसते.

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वृद्धांसाठी लोखंडी बाक ठेवले, ते गंजून पाय तुटले. आता स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत का? (एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा)

उत्तर : बाजारात सहज मिळतं ते ३०४ प्रतीचं. खाऱ्या वाऱ्यात त्यावरही तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ प्रत टिकते, पण महाग. चुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही, पोलाद बनवणाऱ्या मिलचं प्रमाणपत्रच बघावं लागतं. जस्त चढवलेल्या पाइपचा बाक केला, तर वेल्डिंगच्या जागचं जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आधी सगळं वेल्डिंग, मग वितळलेल्या जस्तात बुडवणं, हा क्रम निविदेतच लिहून घ्या.

आमचं मत विचाराल, तर धातूच्या नादी लागूच नका. जांभ्या चिऱ्याचा कट्टा बांधा, आत सळई नको. उंची ४५० मिमी, माथ्याला पुढे किंचित उतार, वर फिक्या रंगाची लादी. काळा कडप्पा संध्याकाळपर्यंत चटके देतो. गुडघे दुखणाऱ्यांना उठताना आधार लागतो, म्हणून दोन्ही टोकांना हात टेकण्यापुरता चिरा २०० मिमी वर काढा. कट्टा रस्त्याच्या आतल्या अंगाला घ्या. वाळूच्या बाजूला पक्कं बांधकाम काढलंत तर सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) परवानगी आड येते.

प्रश्न : या कट्ट्यांवर सावलीसाठी कोणतं झाड लावावं?

उत्तर : उंडी किंवा भेंड. दोन्ही खारं वारं सोसतात. माड नको, खाली बसणाऱ्याच्या डोक्यावर नारळ पडतो. कातळात खड्डा खणलात तर पावसात त्याची टाकी होते आणि मुळं कुजतात. एका बाजूला पाणी निघून जाईल अशी चर फोडल्याशिवाय रोप लावू नका.

प्रश्न : नगरपरिषदेकडे हे मागायचं कसं?

उत्तर : नव्या कामाचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये द्या, पोच घ्या आणि नगरसेवकांनाही प्रत द्या. १ एप्रिलपासूनचं अंदाजपत्रक त्यानंतर आकार घेतं. फुटपाथचं काम मात्र जुनं आहे. करारातला दोषदायित्व कालावधी उरला असेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात करारनामा, त्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. पुस्तिकेत खडीच्या थराची जाडी लिहिलेली असते. उचललेल्या ब्लॉकखाली पट्टी धरून फोटो काढा आणि तो तक्रारीला जोडा.